दोन अक्षरं टाकली तरी नाव येईना: ऑफिसातल्या १२ लॅपटॉपवरून हरवलेल्या मेल-पत्त्यांचं प्रकरण

ऑफिस कुठलं, माणसं कोण, हे ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा आमच्याच आहेत.

पार्श्वभूमी

ऑफिसात माणसं ३८. त्यातली १२ जण दिवसभर बाहेरच्या लोकांशी मेलवर बोलणारी: लेखा, खरेदी आणि ग्राहकांचा पत्रव्यवहार. बाराही जणांकडे विंडोजचे लॅपटॉप आणि त्यावर आउटलुक २०१६. मेल ऑफिसातल्याच एका जुन्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची मेल-व्यवस्था) सर्व्हरवर होता. तो क्लाउडवर हलवायचं काम आमच्या तिघांच्या आयटी टीमकडे आलं.

जुन्या मेलबॉक्समधून नव्या मेलबॉक्समध्ये मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट उचलून ठेवणारं एक टूल घेतलं होतं. शनिवारी-रविवारी ते चाललं, आणि रविवारी संध्याकाळी आम्ही एकेक लॅपटॉप घेऊन त्यावर आउटलुकचं नवं प्रोफाइल (कोणता मेलबॉक्स कुठून उघडायचा याची मांडणी) बनवलं. जुनं प्रोफाइल काढलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. पुढे जे थोडंफार वाचलं ते याच सवयीमुळे.

तपासायची यादी आमच्याकडे होती. मेल जातो का, येतो का, कॅलेंडर दिसतं का, सही लागते का, शेअर केलेली मेलबॉक्स उघडते का. सहीबद्दल आम्ही विशेष सावध होतो, कारण मागे एकदा सह्या गायब झाल्यावर चांगलाच आरडाओरडा ऐकला होता. आधीच्या आठवड्यात चाचणीही केली होती, पण ती आमच्याच एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर. हा माणूस दिवसाला चार मेल पाठवतो, तेही आम्हा दोघांनाच. त्याला काही हरवल्याचं जाणवलं नाही यात नवल नाही.

अडचण

सोमवारी साडेनऊला पहिला फोन लेखा विभागातून आला. "मेल येतायत सगळे, पण मला कुणाला पाठवताच येत नाहीये." म्हणजे काय, हे कळायला त्यांच्या टेबलाशी जावं लागलं. नवा मेल उघडून त्या बाई 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टाकायच्या आणि थांबायच्या. खाली काहीच यायचं नाही. "इथे नाव यायचं हो. मला पत्ते कुठे पाठ आहेत?"

अकरा वाजेपर्यंत असे सहा फोन झाले. कोणी जुने मेल शोधून त्यांना 'रिप्लाय' करून विषय बदलत होतं, कोणी व्हिजिटिंग कार्डं काढून बसलं होतं, कोणी आठवेल तसा पत्ता टाइप करत होतं. या शेवटच्या मंडळींनी नकळत आणखी एक घोळ घालून ठेवला होता, पण तो पुढे.

बाराजणांपैकी दोघांनीच कॉन्टॅक्टमध्ये पत्ते नीट भरलेले होते. बाकीच्यांची सगळी भिस्त त्या खाली उघडणाऱ्या यादीवर. वर्षानुवर्षं पाठवलेल्या मेलमधून ती आपोआप तयार झालेली. कुणी ती बसून बनवली नव्हती आणि म्हणून ती आपली माहिती आहे असं कुणाच्या, आमच्याही, डोक्यात नव्हतं.

निदान, आणि पहिली चूक

आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने सोमवारी सकाळी पहिले दोन लॅपटॉप हाताळले. त्याने रीतसर सुरुवात केली. आउटलुकच्या फाइल, ऑप्शन्स, मेल या पानावर जाऊन नावं सुचवण्याची खूण लावलेली आहे ना ते पाहिलं. होती. त्याच ओळीशेजारी यादी रिकामी करण्याचं बटण असतं, ते त्याने दाबलं नाही हे नशीब. मग त्या बाईंनी आपल्या फोनवरचं मेल ॲप दाखवलं: "बघा, इथे तर नावं येतायत." यावरून त्याने तर्क केला की सर्व्हरवर सगळं ठीक आहे आणि लॅपटॉपवरचा साठा तेवढा बिघडलाय.

तर्क वाईट नव्हता, पण फोनमधलं ॲप आपली वेगळी आठवण ठेवतं. फोनवर नाव आलं यावरून लॅपटॉपच्या यादीबद्दल काहीच कळत नाही.

इथे ही यादी राहते कुठे ते सांगायला हवं. आउटलुक २००७ पर्यंत ती एनके२ प्रकारच्या एका स्वतंत्र फाइलमध्ये असायची. २०१० पासून ती मेलबॉक्सच्या आतच, एका लपवलेल्या संदेशात ठेवली जाते. हा संदेश इनबॉक्समध्ये दिसत नाही. त्याची एक प्रत लॅपटॉपवर, वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक, रोमकॅश या फोल्डरमध्ये पडते. फाइलचं नाव स्ट्रीम_ऑटोकम्प्लीट असं सुरू होतं, पुढे अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ, शेवटी डॅट. यादीत साधारण १,००० नावं मावतात. त्यापुढे कमी वापरातली गळतात. आणि नवी नावं कायमची लिहिली जातात ती आउटलुक नीट बंद करताना.

म्हणून ही फाइल बिघडली की नेहमीचा उपाय असतो रोमकॅश फोल्डर काढून टाकण्याचा. आउटलुक उघडलं की मेलबॉक्समधल्या लपलेल्या संदेशावरून ते नवी प्रत बनवतं. आमच्या सहकाऱ्याने दोन्ही लॅपटॉपवर हेच केलं. एका लॅपटॉपवर त्याने पुढे जाऊन जुनं प्रोफाइल आणि त्याची ओएसटी फाइलही (लॅपटॉपवर राहणारी मेलबॉक्सची प्रत) "गोंधळ नको" म्हणून काढली.

पण आमचं टूल दिसणारे फोल्डर उचलत होतं, लपलेले संदेश नाही. नव्या मेलबॉक्समध्ये यादी मुळात आलीच नव्हती. आउटलुकने रिकाम्या मेलबॉक्सवरून रिकामी प्रत बनवली. जुनी फाइल रोमकॅशमध्ये शाबूत होती, तीच त्याने कायमची पुसली होती. शिफ्ट दाबून डिलीट केल्यामुळे रिसायकल बिनमध्येही नव्हती.

दुपारी बाराला आम्ही तिघं बसलो आणि तिसऱ्या लॅपटॉपचं रोमकॅश उघडून फक्त पाहिलं, हात लावला नाही. स्ट्रीम_ऑटोकम्प्लीटच्या दोन फाइली होत्या. एक ३०० केबीच्या वर, शुक्रवारची. दुसरी २ केबीची, आजची. निदान इथेच झालं. उरलेल्या लॅपटॉपना कुणी हात लावायचा नाही, असं तिथल्या तिथे ठरलं. हे साडेनऊला ठरायला हवं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. लोक मेल पाठवत राहतील तशी यादी पुन्हा भरेल. आमच्यातल्या एकाचं मत हेच होतं, आणि ते मी आळशीपणाचं म्हणणार नाही: जुन्या यादीत सोडून गेलेल्या माणसांचे, बंद पडलेले पत्तेही असतात. पण खरेदी विभागात वर्षातून एकदाच लागणारे पत्ते होते, आणि ते नेमके लागतील तेव्हा घाई असणार.

दुसरा पर्याय जुनी फाइल नव्या फाइलच्या जागी बसवण्याचा. झटपट, आणि माणसाला आपली यादी जशीच्या तशी मिळते.

तिसरा, दोन्ही याद्या एकत्र करणं. एनके२एडिट नावाचं छोटं टूल या फाइली उघडून दाखवतं आणि त्यात भर घालता येते. आम्ही एका लॅपटॉपची आजची छोटी यादी त्यात उघडून पाहिली, आणि सकाळचा तो घोळ तिथे सापडला. आठवेल तसे टाइप केलेले पत्ते यादीत जसेच्या तसे बसले होते. एकाच पुरवठादाराचे तीन पत्ते, त्यातल्या दोघांत एकेक अक्षर चुकलेलं. आउटलुक पत्ता बरोबर आहे का हे तपासत नाही, पाठवला की लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी तोच चुकीचा पत्ता अदबीने सुचवतं. एकत्र करायचं तर आधी ही चाळणी करावी लागणार होती, बारा वेळा.

चौथा पर्याय पाठवलेल्या मेलमधून पत्ते काढून कॉन्टॅक्ट बनवण्याचा. 'सेंट आयटम्स' हा फोल्डर सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, काढता येतो. त्यात कुणाला पाठवलं त्याचं नाव आणि पत्ता येतो. कष्टाचं काम, पण जिथे फाइलच उरली नव्हती तिथे दुसरा मार्ग नव्हता.

आम्ही दुसरा पर्याय घेतला आणि आजच्या अर्ध्या दिवसाच्या नोंदी सोडून द्यायचं ठरवलं. त्या सोडून देण्याने नुकसानापेक्षा फायदाच जास्त, असं त्या तीन पत्त्यांनी पटवलं. फाइल नसलेल्यांसाठी चौथा.

काय केलं

क्रम असा ठेवला. आधी सगळं रोमकॅश फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायचं. मग नव्या प्रोफाइलमधून एक चाचणी मेल पाठवून आउटलुक बंद करायचं, म्हणजे कोणती फाइल नव्या प्रोफाइलची हे तारखेवरून निश्चित कळतं. तिचं पूर्ण नाव कॉपी करायचं, तिच्या शेपटाला 'जुनी' असं जोडून बाजूला करायचं, आणि मोठ्या फाइलच्या प्रतीला ते कॉपी केलेलं नाव द्यायचं. मग आउटलुक उघडायचं.

पहिल्याच लॅपटॉपवर फसलं. फाइल बसवली, आउटलुक उघडलं, यादी रिकामीच. पुन्हा रोमकॅश पाहिलं तर आमची ३०० केबीची फाइल परत २ केबीची झालेली. कारण शोधायला अर्धा तास गेला. खिडकी बंद केली तरी आउटलुक मागे चालूच होतं. एका ॲड-इनने (आउटलुकला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने) ते धरून ठेवलं होतं. आम्ही फाइल बसवल्यावर ते खरोखर बंद झालं आणि बंद होताना स्वतःकडची छोटी यादी वर लिहून मोकळं झालं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून तोंड दाखवायला जागा राहिली. त्यानंतर प्रत्येक वेळी टास्क मॅनेजरमध्ये आउटलुक दिसत नाही ना, हे बघूनच हात लावला.

दुसऱ्या प्रयत्नात नावं आली. लॅपटॉप ज्यांचा होता त्यांनी दोन अक्षरं टाकली, यादी उघडली, आणि त्यांनी आमच्याकडे न बघता थेट मेल लिहायला घेतला.

संध्याकाळी सहापर्यंत नऊ लॅपटॉप झाले. राहिले तीन. सकाळी रोमकॅश पुसलेले दोन, आणि एक असा की जो त्याच शनिवार-रविवारी नवा दिला होता. जुन्याची डिस्क पुसून झाली होती.

पुसलेल्या दोहोंपैकी एकावर जुनं प्रोफाइल आणि ओएसटी शिल्लक होती. लपलेला संदेश मेलबॉक्सचाच भाग असल्याने तो ओएसटीतही असणार, असा विचार करून वायफाय बंद केलं, केबल काढली आणि जुनं प्रोफाइल उघडलं. दोन अक्षरं टाकली, यादी आली. आउटलुक बंद केल्यावर रोमकॅशमध्ये मोठी फाइल नव्याने तयार झालेली दिसली. नेटवर्क तोडण्याचा आग्रह आमच्यातल्या ज्येष्ठाचा होता. जोडलेलं असतं तर जुनं प्रोफाइल कोणत्या सर्व्हरकडे जाऊन काय जुळवून घेईल, याचा भरवसा नव्हता.

उरलेल्या दोन लॅपटॉपना सेंट आयटम्सचा मार्ग.

मंगळवारची सकाळ

मंगळवारी साडेदहाला पुन्हा फोन, आता वेगळा. बाहेरचे मेल जातात, ऑफिसातल्या ऑफिसात पाठवलेले परत येतात. समोरच्या टेबलावरच्या माणसाला मेल पाठवायचा आणि तो माणूस अस्तित्वातच नाही असं उत्तर यायचं.

परत आलेल्या मेलमध्ये पत्त्याच्या जागी आयएमसीईएएक्सने सुरू होणारी अगम्य लांब ओळ होती. एक्स्चेंजवर काम केलेल्याला ती बघताक्षणी उमगते. ऑफिसातल्या माणसासाठी यादी नेहमीचा मेल-पत्ता ठेवत नाही. जुन्या सर्व्हरने त्या मेलबॉक्सला दिलेली आतली ओळख ठेवते. नव्या जागी त्या ओळखीचं कोणी नव्हतं. आम्ही यादी परत आणली तशी ही जुनी ओळखही परत आणली.

दोन मार्ग होते. प्रत्येकाने ऑफिसातली नावं यादीतून एकेक करून, नावापुढच्या फुलीवर टिचकी मारून काढायची. किंवा प्रत्येक नव्या मेलबॉक्सला तिची जुनी ओळख एक्स५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडायची, म्हणजे जुन्या नावाने हाक मारली तरी ती ओ देईल.

फुलीचा मार्ग लोकांना सांगायला सोपा होता आणि आम्ही तो जवळजवळ सांगणारच होतो. मग एकाने विचारलं: जुन्या मेलला रिप्लाय केला तर? करून पाहिला, तोही परत आला. अर्थात. जुन्या मेलमध्ये पाठवणाऱ्याची तीच आतली ओळख लिहिलेली असते. म्हणजे आम्ही यादी परत आणली नसती तरी हा त्रास होणारच होता, फक्त थोडा उशिरा आणि विखरून. हे कळल्यावर निर्णय उरलाच नाही. जुन्या सर्व्हरवरून ३८ जणांच्या ओळखी एका फाइलमध्ये काढल्या आणि पॉवरशेलने (लेखी आज्ञा देऊन काम करवून घेण्याच्या साधनाने) नव्या मेलबॉक्सना जोडल्या. जेवणाच्या सुट्टीआधी मेल जायला लागले.

जुना सर्व्हर बुधवारी बंद होणार होता. गुरुवारी हे उघडकीला आलं असतं तर परत आलेल्या मेलमधल्या त्या ओळींवरून एकेक ओळख सोडवावी लागली असती: अंडरस्कोअरच्या जागी तिरकी रेघ, अधिक चिन्ह आणि २० असेल तिथे मोकळी जागा, कंसांचे वेगळे आकडे, शेवटचा ॲट आणि पुढचं सगळं गाळायचं. करता येतं. अडतीस वेळा करायची इच्छा कोणालाच नव्हती.

निष्पत्ती

१२ पैकी १० लॅपटॉपवर यादी पूर्ववत झाली. उरलेल्या दोघांसाठी सेंट आयटम्समधून पत्ते काढले. तिथेही आतल्या माणसांच्या जागी त्या लांब ओळी आल्या, त्या गाळल्या. एकच पत्ता दहा वेगवेगळ्या नावांनी आलेला, तो एकदाच ठेवला. उरलेले पत्ते त्या दोघांनी स्वतः बसून तपासले. यात एकाचा दीड दिवस गेला. ज्यांचे मेल पाठवून नंतर पुसले होते, ते पत्ते गेले ते गेलेच.

काय वेगळं करता आलं असतं

तपासायच्या यादीत हा मुद्दा नव्हता, हे उघड आहे. पण मुद्दा घातला असता तरी चाचणी चुकीच्या माणसावर केली असती तर तो "हो, ठीक आहे" असाच भरला गेला असता. चाचणीला ऑफिसातला सर्वांत जास्त मेल पाठवणारा माणूस घ्यायला हवा होता, आणि त्याला एक दिवस खरं काम करू द्यायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकाला आउटलुक नीट बंद करायला सांगून रोमकॅशची प्रत काढली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. लॅपटॉपमागे दोन मिनिटांचं काम. एक्स५०० पत्ते तर स्थलांतराच्या यादीतच हवे होते. त्याचा आणि पत्ते सुचवण्याचा संबंध योगायोगाने आला.

तरुण सहकाऱ्याने फोल्डर पुसलं याबद्दल त्याला बोल लावावा का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मला वाटतं, नाही. त्याने शिकवलेलं तेच केलं. टूल लपलेले संदेश आणत नाही हे आम्हा दोघांना माहीत असायला हवं होतं आणि त्याला सांगायला हवं होतं. पण पुसण्याऐवजी फोल्डरचं नाव बदलणं, एवढी एक सवय असती तर उपाय तोच राहून नुकसान शून्य झालं असतं. आता आमच्याकडे पहिल्या दिवशी कोणीच काही डिलीट करत नाही.

ज्या निर्णयाबद्दल मला अजून चुटपुट लागते तो सर्व्हर बंद करण्याचा. बुधवारी तो ठरल्याप्रमाणे बंद झाला. त्या दोघांचे लपलेले संदेश तोवर त्यावर जिवंत होते. सोमवारी रात्री आम्ही नवीन प्रोफाइल जुन्या सर्व्हरकडे वळवायचा प्रयत्न केला होता, पण आउटलुक २०१६ सर्व्हरचा पत्ता हाताने भरू देत नाही; ऑटोडिस्कव्हर, म्हणजे सर्व्हर आपोआप शोधून देणारी सोय, सांगेल तिकडे जातं, आणि ते नव्याकडे बोट दाखवत होतं. त्याला त्या एका लॅपटॉपपुरतं वळवण्याची पद्धत आहे. ती करून बघायला अर्धा दिवस लागला असता, आणि सर्व्हर दोन दिवस जादा चालू ठेवा असं आम्ही कुणाला विचारलंच नाही. मंगळवारच्या गडबडीनंतर विचारायचा धीर झाला नाही, हे खरं कारण.

या प्रकरणातली फाइल बदलण्याची युक्ती जुन्या धाटणीच्या आउटलुकची आहे. विंडोजसाठीचं नवं आउटलुक रोमकॅशमधली ही फाइल वापरत नाही. म्हणून त्या आठवड्यात आम्ही आणखी एक काम सुरू केलं: ज्या पत्त्यांवाचून ऑफिसचं काम अडतं ते सगळ्यांना दिसतील अशा सामाईक कॉन्टॅक्टमध्ये टाकणं. याची सुरुवात यादी गमावलेल्या त्या दोघांनी तपासलेल्या पत्त्यांवरून झाली. खरेदीचे पत्ते भरून झाले आहेत. लेखा विभागाचे अजून बाकी आहेत. त्यांच्याकडे दोन अक्षरं टाकली की नाव येतं.